देल्लासचं नाव राहिलंच की!

ग्रीसने जिंकलेल्या २००४ च्या युरोची (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) सगळी चर्चा कारिस्तेआसच्या फायनलमधल्या विजयी हेडरभोवती फिरतेय. ते ठीकच, पण ग्रीसचा बचावपटू त्रायानोस देल्लासला विसरून कसं चालेल? १ जुलै, पोर्तो, सेमीफायनल. समोर चेक प्रजासत्ताक, त्या स्पर्धेतला बहुधा सगळ्यात देखणा खेळणारा संघ. स्कोअर ०-०, एक्स्ट्रा टाइमचा पहिला भाग संपतच आलेला. सहकारी त्सियार्तासचा कॉर्नर आला, या सहा फुटांहून उंच गड्याने डोकं लावलं आणि खेळ खल्लास. तेव्हा 'सिल्व्हर गोल'चा नियम होता: पहिल्या पंधरा मिनिटांनंतर जो पुढे, तो जिंकला. चेकना उत्तर द्यायला वेळच उरला नाही. स्पर्धेनंतर तो नियमही गेला. ग्रीससाठी देल्लासचा हा एकमेव गोल!

बाकी कारकीर्द तशी वळणावळणाची. थेस्सालोनिकीचा आरिस, मग इंग्लंडात शेफील्ड युनायटेड, पुढे अथेन्सचा एईके, इटलीतले पेरुजा आणि रोमा. ग्रीसचा प्रशिक्षक रेहागेलने त्याला मार्करांच्या (एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहणाऱ्या बचावपटूंच्या) मागे लिबेरो, म्हणजे मोकळा शेवटचा बचावपटू, म्हणून उभं केलं. जुनाट पद्धत म्हणून लोक हसायचे (मीही हसलो होतो), पण बाद फेरीत फ्रान्स, चेक, पोर्तुगाल, तिघांनाही एकही गोल करता आला नाही.

मला मात्र नंतरचा देल्लास जास्त भावतो. २०१३ मध्ये एईके घसरून कर्जापायी थेट तिसऱ्या श्रेणीत गेला, तेव्हा प्रशिक्षक हाच होता. पळाला नाही. २०१५ मध्ये संघाला परत वरच्या लीगमध्ये घेऊन आला.