तांबडी घार खाद्यकेंद्रामुळे वाचली नाही

मध्य वेल्समधल्या गिग्रिन फार्म या खाद्यकेंद्रावर घारींसाठी रोज मांस टाकतात म्हणून वेल्समधली तांबडी घार वाचली, असं म्हटलं जातं. पटलं नाही. ते खाद्य सुरू झालं १९९०च्या दशकात; घार त्याआधीच मध्य वेल्सच्या दऱ्यांत कशीबशी तगली होती.

घरट्यांच्या राखणीसाठी समिती १९०३ सालची. वेल्समधल्या ॲबरिस्टविथचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सॉल्टर त्या कामात पुढे होते. त्यांच्या रोजनिश्या वाचायला हव्यात. तेव्हा घारी मारणारे शिकारराखे (जमीनदारांच्या शिकारीच्या पक्ष्यांचे राखणदार) आणि विषाची आमिषं होतीच, वर अंडी जमवणारे हौशी (चोरच म्हणा!). म्हणून घरट्यांच्या जागा गुप्त ठेवत.

तरी वाढ फार संथ. डोंगराळ, ओल्या मुलखात पिल्लं कमी जगायची. त्यामुळे १९८९पासून इंग्लंडमध्ये सोडायला पिल्लं आणली ती स्पेन-स्वीडनहून.