धागा: दोघांचं रोजचं जगणं, घरातलं जनावर, रविवारचं भटकणं. तुमचं सांगा

नायगावकरीण
काल माळा काढताना जुन्या ट्रंकेत बंड्याचा पट्टा सापडला. चामड्याचा, बकलापाशी त्याने चावून पाडलेल्या खाचा अजून तशाच. ह्यांनी तो हातात घेतला आणि स्टुलावर बसूनच राहिले. म्हटलं, धागा काढूच.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात सासू-सासरे, धाकटे दीर, आम्ही दोघं, नंतर मुलगी. नवीन लग्न झालेल्यांनी बोलायचं कुठे? बंड्या पावसात जिन्याखाली कुडकुडत बसलेला सापडला. सासूबाईंनी आधी दुधाची वाटी ठेवली आणि मग म्हणाल्या, "हे घरात नको." तो राहिलाच. रात्री भांडी आटपली की त्याला फिरवायचं काम आम्हा दोघांकडे आलं. फाईव्ह गार्डनपर्यंत जायचं, पर्जन्यवृक्षांखालून फेरी मारायची आणि परत. दिरांचं लग्न, मुलीची शाळा, गावच्या घराचे पत्रे, सगळं त्या रस्त्यावर ठरलं. भांडणंही तिथेच झाली, कारण खोलीत आवाज चढवायची सोय नव्हती. ह्यांचा सूर वर गेला की बंड्या रस्त्यातच बसकण मारायचा. ढिम्म हलायचा नाही. मग दोघांनी मिळून त्याची मनधरणी करायची, आणि तोवर भांडण कशावरून होतं तेच विसरायला व्हायचं.

आमच्या संसाराला त्या कुत्र्याने जागा करून दिली, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे असं कोण होतं? कुत्रं, मांजर, पोपट, माशांची टाकी, नाटकं, ट्रेक, काहीही लिहा.

कट्ट्यावरचा
फाईव्ह गार्डन!!! व्हीजेटीआय कॉलेजची चारही वर्षं डोळ्यांसमोर आली. बाकी नंतर लिहितो, दादर आलं.

हिरवी_खिडकी
पोपट तेवढा नको हं ताई. आपले देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमच्या सासऱ्यांकडे होता पूर्वी, तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आमचं विचाराल तर ग्रिलमधली बाग माझी आणि गप्पी मासे नवऱ्याचे. दोन्हीचं जमतं. माझ्या कमळाच्या टबात तो गप्पी सोडतो, ते डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासणीला आले तरी मी निवांत. रात्री दोघं टबापाशी मोढे टाकून बसतो. टीव्ही बंद.

पहिली_पाळी
हे बेस्टमध्ये कंडक्टर, मी नर्स. ह्यांची पहिली पाळी आणि माझी रात्रपाळी आली की आठवडाभर तोंडं दिसत नाहीत. मी सकाळी घरी येते तेव्हा हे केव्हाच डेपोत. फ्रिजवर मुलाची जुनी पाटी अडकवली आहे, तिच्यावर ह्यांचं अक्षर: "राणी खाली जाऊन आली. गोळी दिली. भाकरी खाल्ली नाही, भात दे. तू झोप." खाली मी लिहायचं. राणी म्हणजे आमची कुत्री, रस्त्यावरचीच, मागच्या पायाने जरा लंगडते.

प्रेमपत्रं आम्ही लग्नाआधी कधी लिहिली नाहीत. आता रोज लिहितो.

मनीची_आई
@पहिली_पाळी पाटीचा फोटो टाका ना! वाचून डोळे भरले.

बोरिवली_स्लो
आमचं खूळ पक्षी. थंडीत सकाळी नॅशनल पार्कचं गेट उघडताच आम्ही हजर. ही दुर्बीण धरते, मी वहीत नोंदवतो. आई बरोबर येते, तिला पक्ष्यांशी घेणं नाही, पण कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसून गुंफा बघायला तिला फार आवडतं. शंभराच्या वर गुंफा आहेत तिथे, ती म्हणते एकेका वेळी एकच बघायची, घाई कशाला. पिशवी मात्र घट्ट धरून, माकडं टपलेलीच असतात.

एकदा ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरा नर, लांब शेपटीच्या फिती पाण्यावर घासून जात होत्या. हिने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. आई मागून म्हणाली, "काय रे, साप का?"

सोमवारी पार्क बंद असतं, आणि कुत्र्यांना नेऊ नका, बिबटे आहेत.

लालबागची_सून
आईंचा संवाद भारी, हाहा. आमच्या सासूबाई राणीच्या बागेच्या भक्त. नातवंडांना पेंग्विन बघायचे असतात, ह्यांना हत्तीच्या आठवणी सांगायच्या असतात. बाग १८६२ सालची, इतकी जुनी झाडं मुंबईत दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? मी आणि नवरा एका बाकावर, बाकी सगळे पिंजऱ्यांपाशी. येत्या बुधवारी सुट्टी टाकली आहे, परत जाणार.

हिरवी_खिडकी
अगं बुधवारी बंद असते!

लालबागची_सून
अरे देवा. बरं झालं बोललीस. गुरुवार करते.

मनीची_आई
मांजरवाले कुणीच नाहीत का? आम्ही दोघं आणि मनी. मूल नाही, लोक विचारतात, आम्ही मनीचं वय सांगतो. नवरा तबला शिकतो. तो ठेका धरतो आणि ही येऊन डग्ग्यावर बसते. दुसरीकडे कुठेही नाही, डग्ग्यावरच.

एक कळकळीची विनंती. घरात मांजर असेल तर लिलीची फुलं आणू नका. लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या गुच्छातली पाकळी हिने चघळली. लिलीने मांजरांची मूत्रपिंडं निकामी होतात, नुसते परागकण अंगावरून चाटले तरी. रात्री टॅक्सी करून परळच्या बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या इस्पितळात नेलं. वाचली. नवरा टॅक्सीत सगळी वाट तिच्याशी बोलत होता, बोल मोजून दाखवत होता, धा धिं धिं धा. त्या रात्री मी ह्या माणसाच्या नव्याने प्रेमात पडले.

नायगावकरीण
@मनीची_आई किती गोड माणूस गं. मनीला माझ्याकडून एक बोंबलाचा तुकडा.

पवईचा_बाबू
कुणी मदत करा. आमच्या सोसायटीत बैठक झाली, कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं नाही म्हणे. सहावा मजला, बायकोचे दिवस भरत आलेत, कुत्रा म्हातारा. संध्याकाळी दोघं-तिघं तलावाकाठी जायचो, तेच बंद पडलं.

कट्ट्यावरचा
@पवईचा_बाबू प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही मनाई नाही. छापून सेक्रेटरींना लेखी द्या, पोच घ्या. आणि वहिनींना शुभेच्छा!

पवईचा_बाबू
आजच देतो. मनापासून आभार.

गोचीडग्रस्त
पावसात गोचिडांचं काय करता? आमच्या शेरूच्या कानात झालेत.

पहिली_पाळी
@गोचीडग्रस्त डॉक्टरांकडे न्या, गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. मनाने काही लावू नका. चिमट्याने काढलात तर मुळापाशी धरून सरळ ओढा, चिरडू नका.

बोरिवली_स्लो
पुढच्या रविवारी आम्ही शिवडीला फ्लेमिंगो बघायला जातोय, धाग्यावरच्या कुणाला यायचं असेल तर या. भरतीचं वेळापत्रक बघूनच जायचं, पूर्ण ओहोटी असली की पक्षी लांब चिखलात जातात आणि नुसते गुलाबी ठिपके दिसतात. ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो) मिळाला, तेव्हापासून आईलाही हे पक्षी मोठे वाटायला लागलेत, डबा तीच करणार आहे.

नायगावकरीण
आम्ही दोघं येतो. ह्यांना विचारलं, लगेच हो म्हणाले. हार्बरला मेगाब्लॉक आहे का त्या दिवशी?

कट्ट्यावरचा
शनिवारी कळेल. असला तर वडाळ्याहून बस पकडा. आईंच्या डब्यात काय आहे तेवढं सांगा, मग मीही येतो.

बोरिवली_स्लो
थालीपीठ आणि लसणीची चटणी.