अनुभव धागा: जॉन लिथगोची कोणती भूमिका मनात घर करून बसली?

पडदाप्रेमी: हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेत डंबलडोर म्हणून अमेरिकन अभिनेता जॉन लिथगोचं नाव आलं आणि 'थर्ड रॉक फ्रॉम द सन' या विनोदी मालिकेतला डिक सॉलोमन डोळ्यांपुढे उभा राहिला. १९९६ ते २००१, १३९ भाग, त्या एका कामाला ३ एमी (टीव्हीचे पुरस्कार). परग्रहावरच्या तुकडीचा म्होरक्या, इथे ओहायोत फिजिक्सचा प्राध्यापक. डिक रुसला की ते सहा फूट चार इंचांचं अख्खं शरीर रुसतं. तुमच्या मनात कोण बसलंय? लिहा.

रंगपीठ: 'थर्ड रॉक'चं चित्रण समोर प्रेक्षक बसवून, अनेक कॅमेऱ्यांवर व्हायचं. म्हणजे नाटकाचंच गणित. हशा शिगेला पोचून उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. आधी उचललं तर ते हशात बुडतं, पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर प्रवेश थंड पडतो. लिथगो ते थांबणं कोरं जाऊ देत नाही, डिकला तेवढ्यात काहीतरी नवं उमगत असतं. मुळात रंगभूमीचा माणूस. वडील शेक्सपिअरचे महोत्सव भरवायचे, आणि याला १९७३ मध्येच 'द चेंजिंग रूम' नाटकासाठी टोनी हे रंगभूमीचं पारितोषिक मिळालेलं.

निमिष७: 'थर्ड रॉक'मध्ये अभिनेता विल्यम शॅटनर येतो तो भाग!! विमानाच्या पंखावर काहीतरी दिसलं म्हणतो, तर डिक म्हणतो माझंही तेच झालं. 'ट्वायलाइट झोन'ची ती गोष्ट १९६३ मध्ये टीव्हीवर शॅटनरने केली, १९८३ च्या चित्रपटात लिथगोने. हे माहीत नसलं तर विनोद डोक्यावरून जातो.

मुग्धा: 'डेक्स्टर'मधला खुनी ट्रिनिटी. बास.

चहाबाज: +१. 'डेक्स्टर'चा चौथा सीझन, २००९. बाराही भागांत आहे तरी एमी मिळालं पाहुण्या कलाकाराचं! २०१५ पासून नियम बदलला, आता निम्म्याहून कमी भागांत असलात तरच पाहुणे. त्यातलं त्याचं कुटुंबासोबतचं थँक्सगिव्हिंगचं जेवण

मुग्धा: पुढे नका लिहू, लोकांनी बघितलं नसेल

चहाबाज: बरोबर, थांबतो.

रंगपीठ: ब्रिटिश राजघराण्यावरच्या 'द क्राउन' मालिकेतला चर्चिल राहिला की. उंची लपत नाही, म्हणून खांदे पाडून, मान पुढे काढून, काठीवर भार टाकून ती मोडलीय. आवाजासाठी नाकात कापूस आणि गालांत भर. नाक बंद झालं की म चा ब होतो, न चा द. तो जडपणा नुसती नक्कल करून येत नाही.

ऋतुजा_डी: अवांतर: एकांकिकेत म्हातारा उभा करायचा तर गालात कापूस चालेल का?

रंगपीठ: सुटा कापूस नकोच. लाळेने भिजून दबतो, गाल पुन्हा बसतात, आणि जोरात श्वास घेताना घशात जायची भीती. दातांच्या तंत्रज्ञाकडून दाढांना अडकणारे अॅक्रिलिकचे तुकडे करून घ्या. स, च, ज आधी बिघडतात, म्हणून ते लावूनच तालमी करा.

ऋतुजा_डी: 🙏 दंतवैद्य मावशी आहे, तिलाच विचारते.

निमिष७: 'श्रेक'मधला बुटका लॉर्ड फारक्वाडही हाच. तिथे देह नाहीच, नुसत्या आवाजात केवढा रुबाब.

सुमेधाताई: 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टू गार्प' (१९८२) कोणीच कसं लिहिलं नाही? रॉबर्टा मल्डून, पूर्वी अमेरिकन फुटबॉल खेळलेली ट्रान्स स्त्री. तो काळ पाहता त्या भूमिकेचा तमाशा करणं सोपं होतं. लिथगोंनी तिला चित्रपटातली सर्वांत समजूतदार, मायाळू व्यक्ती केलं. ऑस्करचं पहिलं नामांकन त्याचंच. पुढच्याच वर्षीच्या 'टर्म्स ऑफ एंडिअरमेंट'साठी दुसरं.

मुग्धा: ताई, बघते नक्की. 'क्राउन' सगळं बघायला वेळ नाही, एकच भाग सांगा ना कोणीतरी.

पडदाप्रेमी: पहिल्या सीझनचा नववा. १९५४, चर्चिलची ऐंशी वर्षं, चित्रकार सदरलँड त्याचं चित्र काढतोय. दोघं तळ्याबद्दल बोलतात तिथे फोन बाजूला ठेव.