गुड फ्रायडे नुसती सुट्टी म्हणून जातोय, तुम्ही काय करता?

नगरची_मडगावात
मंडळी, मी मूळची नगरची, आमचं चर्च प्रोटेस्टंट, नोकरीमुळे दोन वर्षं मडगावात आहे. आमच्याकडे उत्तम शुक्रवार म्हणजे दुपारी बारा ते तीन उपासना, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर एकेक जण बोलणार, घामाच्या धारा आणि मागच्या बाकावर आम्हा पोरांची चिमटेबाजी. पाचव्या उद्गाराला, "मला तहान लागली आहे", आजी पिशवीतली पाण्याची बाटली मुद्दाम आत ढकलायची, तीनपर्यंत थेंब मिळायचा नाही. तेव्हा जाम वैताग यायचा. आता ऑफिसला सुट्टी आणि ग्रुपवर पाळोळ्याच्या बीचचा प्लॅन. मागच्या वर्षी गेले पण, परत येताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. इथल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेले तर सगळं कोंकणी, अर्धं डोक्यावरून. घरी एकटीने बायबल उघडलं तर मन लागेना. तुम्ही तुमच्यापुरता हा दिवस कसा पाळता? प्रवचन नको प्लीज.

वसईवाला
मी कॅथलिक, सध्या पणजीत. आमच्यात त्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासना, नसतेच. आल्तारावर, म्हणजे वेदीवर, कापड नाही, मेणबत्ती नाही, गुरुवारच्या मिस्सातल्या ग्लोरियाच्या गाण्यानंतर घंटासुद्धा गप्प, तिच्याजागी लाकडी खटखट्या वाजवतात. मी अर्धा तास आधी जाऊन त्या उघड्या आल्तारासमोर नुसता बसतो. काहीतरी वाटलंच पाहिजे असं ठरवून जाऊ नकोस गं, मी कितीतरी वर्षं फक्त खटखट ऐकून परत आलोय. आई गेली त्या वर्षी मात्र ते उघडं आल्तार बघवेना, घर अगदी तसंच झालं होतं.

उंडो_आनी_भाजी
देवबिव सोड, पाळोळ्याला गेलीस म्हणून एवढं गिल्ट कशाला? समुद्रावर काय प्रार्थना होत नाही?

वसईवाला
होते की, पण ग्रुपमध्ये बियर उघडल्यावर कोणाची होते ते सांग 😄

साष्टीकर
मी हिंदू, तरी मध्येच बोलतो. आमच्या शेजारची आंटी त्या दिवशी पेज आणि मिठातलं तोर, म्हणजे खारवलेली कैरी, एवढंच जेवायची, घरात मोठ्याने बोलणं नाही. आमचे बाबा पण आपसूक रेडिओ बारीक करायचे, कोणी सांगितलं नव्हतं. आणि ताई, भाषेचं म्हणाल तर या दिवसांत इथे व्हायोलिन-क्लॅरिनेटवर जी मोतेतं, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गातात त्यातली कितीतरी लॅटिनमध्ये, ऐकणाऱ्यांना तरी कुठे कळायची! तरी म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मराठीच पाहिजे तर फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ख्रिस्तपुराण घ्या, १६१६ साली इथेच आपल्या रायतूरला छापलेलं, चक्क ओव्या आहेत. त्याचे दोन भाग, त्यातल्या 'दुसऱ्या पुराणात' क्रुसाची कथा येते. मनात नका वाचू, पोथीसारखं मोठ्याने वाचा, तोंड चालू राहिलं की मन फार भटकत नाही असा आमच्या आजीचा गुरुचरित्राचा अनुभव.

नगरची_मडगावात
थँक्यू सगळ्यांना. काल आजीला फोन करून हे सगळं सांगितलं. ओव्या म्हटल्यावर खूश झाली, म्हणाली बारा वाजता व्हिडिओ कॉल लाव, मी उद्गार वाचते तू ओव्या वाच. आणि लगेच पुढे, "बाटली कॅमेऱ्यात दिसेल अशी ठेव, मी बघणारे." पाळोळ्याला नाही म्हणून कळवलंय. साष्टीकर दादा, ते मिठातलं तोर मडगावच्या मार्केटात मिळेल का, की कोणाच्या घरूनच आणावं लागतं?