विषय: दुसऱ्या जागी ‘एच’ असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द हवेत

टिळकवाडीची ताई (सध्या मुक्काम बेळगाव)

नमस्कार परदेशातल्या मंडळी,

दोन महिन्यांसाठी माहेरी आले आहे. संध्याकाळी भावाची मुलं आणि शेजारच्या घरातली दोन कन्नड माध्यमातली मुलं अंगणात जमतात, आणि आम्ही पाटीवर शब्द ओळखण्याचा खेळ खेळतो. आपल्यातले बरेचजण रोज मोबाइलवर वर्डल खेळतात ना, जॉश वॉर्डलने बनवलेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला, तोच. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी पडलं की हिरवा खडू, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसलंच तर काट.

काल मुलं पार अडली. पहिल्यांदा त्यांनी ‘चेअर’ लिहिलं. एच आणि ए हिरवे झाले, आय पिवळा, सी आणि आर कापले गेले. मग शेप, व्हेल, फेज. एस गेला, डब्ल्यू गेला, पी गेला. ‘थँक’ लिहिल्यावर टी गेला, पण के पिवळा झाला. पाच प्रयत्न संपले. आता एचच्या आधी येणार तरी काय? शाळेत शिकवलेल्या जोड्या संपल्या होत्या.

तेवढ्यात शेजारची दहा वर्षांची पोर फाटकापाशी गेली, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीकडे बघून आली आणि म्हणाली, “आत्या, खानापूर रोड! के-एच!” पुढचं तिने एका दमात लिहिलं. के, एच, ए, के, आय. खाकी.

इथे मिलिटरी कँप जवळ असल्यामुळे खाकी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नाही. मात्र इंग्रज माणूस हा शब्द ‘काकी’ असा म्हणतो हे सांगितल्यावर पोरं हसून लोळली.

आता त्यांना असेच आणखी शब्द पाहिजेत. पाचच अक्षरं, पहिल्या दोन अक्षरांत के-एच, जी-एच, डी-एच किंवा बी-एच, आणि मराठीत अर्थ. कार्डं करून ठेवायची आहेत. मदत करा.

निपाणीचा दादा

ताई, त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिने जे केलं तेच पुढे चालवा. आपल्या भागात चारही जोड्यांची गावं आणि नद्या आहेत बघा की. के-एचला खानापूर, जी-एचला घटप्रभा, डी-एचला धारवाड, बी-एचला तिकडे बिदर जिल्ह्यातली भालकी. कार्डावर वर गावाचं नाव घाला, खाली शब्द.

डी-एच ही जोडी मला सगळ्यात आवडते, कारण या जोडीने सुरू होणारे इंग्रजीतले शब्द बाहेरून आलेले आहेत. धोती म्हणजे आपलं धोतर. धोबी म्हणजे परीट. हा शब्द ब्रिटिश नौदलात असा काही मुरला की खलाशी कपडे धुण्यालाच ‘डोबी’ म्हणतात. ‘दाऊ’ हे अरबी समुद्रातलं शिडाचं गलबत. त्याची अक्षरं चारच, अनेकवचनी एस लावला की पाच होतात.

आणि चौथा शब्द मुलांना नक्की सांगा, डी-एच-ओ-एल-ई. उच्चार ‘डोल’. अर्थ रानकुत्रा, आपला कोळसुंदा. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात तो आहे. हा शब्द कन्नडातल्या ‘तोळ’वरून, म्हणजे लांडग्यावरून आला असावा असं काही कोशकार मानतात. तसं असेल तर त्यातला एच इंग्रजांनी पदरचा घातलेला आहे, कारण मूळच्या कन्नड शब्दांत महाप्राण नसतात. ख, घ, ध, भ ही अक्षरं कन्नड वर्णमालेत आहेत, पण ती लागतात मुख्यतः संस्कृतातून आणि इतर भाषांतून आलेल्या शब्दांना. शेजारच्या मुलांना म्हणावं, हे कार्ड तुमचं.

शहापूरची काकू

ताई, माझ्याकडून जी-एच आणि बी-एच.

घाट्स. इंग्रजीत ‘गॉट्स’ म्हणतात. आपण डोंगराला सह्याद्री म्हणतो आणि चढाच्या वाटेला घाट. आंबोली घाट, चोर्ला घाट. इंग्रजांनी वाटेचं नाव अख्ख्या रांगेला लावलं.

भाजी. इथे परदेशातल्या दुकानात ‘अनियन भाजी’ लिहिलेल्या पाकिटात कांदाभजी निघतात. कार्डावर ‘भजी’ असाच अर्थ लिहा, नाहीतर मुलं डब्यातली भाजी समजतील. भांगही पाच अक्षरीच, पण मुलांच्या कार्डात मी ती घालणार नाही.

घोस्ट, म्हणजे भूत, हा मात्र आपल्याकडून गेलेला नाही. तो इंग्रजीतला जुनाच शब्द आहे आणि पूर्वी त्यात एच नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याआधी तो बरीच वर्षं आताच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात राहिलेला. तिकडच्या फ्लेमिश भाषेत हाच शब्द एच घालून लिहायचे, आणि छापखान्याच्या वाटेने तो एच इंग्रजीत शिरला असं मानतात. म्हणून त्याचा उच्चार ‘घ’ होत नाही, स्वच्छ ‘ग’ होतो. घूल म्हणजे प्रेतं खाणारा पिशाच, तो अरबीतून आला. घोस्ट आणि घूल ही दोन कार्डं वेगळ्या रंगाची करा, घटप्रभेच्या नावाखाली नकोत.

टिळकवाडीची ताई

दादा, काकू, मनापासून आभार. आज सकाळी कार्डं केली. के-एचमध्ये मी खादी घातली, तीही पाच अक्षरी. डिसेंबर १९२४ मध्ये इथे टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खणलेली विहीर मुलांनी पाहिलेली आहे. जवळच्या हुदली गावची खादीही त्यांना ठाऊक आहे, तेव्हा अर्थ त्यांनीच मला सांगितला.

खाकीच्या कार्डावर लिहिलं, खाक म्हणजे फारसीत माती, मातीच्या रंगाची ती खाकी. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या कोअर ऑफ गाइड्स या इंग्रजांच्या फौजी तुकडीच्या गणवेशाबरोबर तो शब्द इंग्रजीत गेला.

संध्याकाळी एक गंमत झाली, मला फार बरं वाटलं. शेजारच्या पोरीने प्रत्येक कार्डाच्या मागे तो शब्द कन्नड लिपीत लिहिला, आणि भाचीने तिच्या शेजारी देवनागरीत. दोघींना एच कुठेच लिहावा लागला नाही. ‘डोल’च्या कार्डावर मात्र दोघी थांबल्या आहेत. ‘धो’ लिहायचं की ‘डो’? मी ‘डो’ म्हणते आहे, त्या ऐकत नाहीत. दादा, उद्या सकाळी तुमच्याकडे रात्र असेल, पण दहा मिनिटं फोनवर याल का?