हंगामातली सर्वोत्तम कामगिरी ठरवायची कशी? (ट्रायथलॉन, हौशी गट)

नोंदवही

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रायथलॉन गटाची हंगामाची वही गेली चार वर्षं मी ठेवतेय. यंदा विभागात स्टँडर्ड अंतराच्या पाच शर्यती झाल्या: १५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं. गटातले १९ जण कमीत कमी दोन शर्यतींत तरी उतरले. सगळे नोकरी-संसार सांभाळून पहाटे सराव करणारे. हंगाम संपला की ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, त्याला आम्ही चषक देतो. आजवर कधी प्रश्न आला नाही, यंदा अडलंय.

२८ वर्षांचा एक मुलगा तिसऱ्या शर्यतीत २:१८:४० मध्ये आला. पाचही शर्यतींत गटातल्या कुणाचाच वेळ याच्या जवळपास नाही. दुसरीकडे ४७ वर्षांच्या एक ताई शेवटच्या शर्यतीत २:४१:१० मध्ये आल्या, वयोगटात पहिल्या. त्या दिवशी मी सायकलच्या वळणावर झेंडी घेऊन उभी होते. समोरून वारा असा, की रिकाम्या बाटल्या रस्त्यावरून आपोआप घरंगळत होत्या. एरोबारवर (हँडलवर पुढे वाकून हात टेकायच्या दांड्यांवर) कोपर टेकायचं बहुतेकांनी सोडून दिलं होतं. ताई मात्र मान खाली घालून, गुडघे आत दाबून तशाच गेल्या आणि परत आल्या तेव्हाही तशाच. तेव्हापासून वहीत नुसतं '२:४१' लिहायला माझा हात उचलत नाही.

शिवाय एक काका आहेत, ५९ वर्षांचे. पाचही शर्यती पूर्ण, पोडियम (पहिल्या तिघांत येणं) एकदाही नाही. माझ्या तक्त्यात ते ५५ ते ५९ वयोगटात तीनदा चौथे दिसतात.

या तिघांना एका मापाने मोजायचं कसं? तुमच्याकडे काय करतात?

घड्याळवाला

मी बरीच वर्षं शर्यतींमध्ये टायमिंगच्या मॅटवर स्वयंसेवक म्हणून बसतो, म्हणून आधी आकड्यांबद्दल. दोन वेगळ्या मार्गांवरचे वेळ शेजारी ठेवूच नका. पहिली आयर्नमॅन, म्हणजे खूप लांब अंतराची ट्रायथलॉन, १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर झाली. १५ जण निघाले, १२ जण पोचले, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. १९८१ मध्ये शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर गेली. मार्गच बदलला, तर हॅलरच्या वेळेची तुलना पुढच्यांशी करण्यात अर्थ उरत नाही. तुमच्या पाच शर्यतींनाही हेच लागू.

सगळ्यांत जास्त गडबड पाण्यात असते. रस्ता चाक फिरवून मोजता येतो, पाण्यातला बोया (वळायची जागा दाखवणारा तरंगता फुगा) मात्र वाऱ्याने सरकतो. घड्याळावरही विसंबता येत नाही, कारण प्रत्येक हाताला ते पाण्याखाली जातं आणि जीपीएसचा सिग्नल तुटतो. १०० मीटरला २ मिनिटं लागणाऱ्या माणसाला बोया १५० मीटर अलीकडे आला तर सरळ ३ मिनिटं फुकट मिळतात. वेटसूटचं (पोहताना घालायच्या रबरी सूटचं) ही बघा. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमानुसार १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, तर वयोगटातल्या स्पर्धकांना वेटसूट घालता येत नाही. त्यामुळे एका शर्यतीत सूट आणि दुसरीत नाही, असं सहज होतं, आणि सूटमुळे शरीर वर तरंगतं, वेग वाढतो.

तिसऱ्या शर्यतीबद्दल शंका असेल तर तुमच्यातले जे जे तिसरीत आणि चौथीतही उतरले, त्यांचे पोहण्याचे स्प्लिट (नुसत्या पोहण्याला लागलेला वेळ) काढा. सगळेच एकसारखे लवकर बाहेर आले असतील तर ती कमाई बोयाची.

मी करतो ते असं: त्याच शर्यतीतल्या पहिल्या पाच पुरुषांची किंवा पहिल्या पाच बायकांची सरासरी काढायची आणि आपला माणूस तिच्या किती टक्के मागे आहे ते बघायचं. नुसत्या विजेत्याशी तुलना नको, कारण एखाद्या दिवशी कुणीतरी फारच तगडा येतो आणि बाकी सगळे उगाच मागे दिसतात.

वयोगटही तपासा. शर्यतीच्या दिवसाचं वय धरत नाहीत, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जेवढं होईल ते धरतात. घरी तक्ता करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

मोठी चेनरिंग

माझं मत वेगळं आहे. शर्यत म्हणजे शर्यत. वयाचा विचार व्हावा म्हणून तर वयोगट आहेत, मग खुला चषक ज्याचा वेळ कमी त्याचाच असावा. टक्के लावत बसलात तर दरवर्षी वाद होईल आणि जिंकणाऱ्यालाही आपण जिंकलो असं वाटणार नाही. तो मुलगा २:१८ ला आला, पोहणं १५० मीटर कमी होतं म्हणून काही बसून आला नाही. फार तर तीन मिनिटं धरा, तरी तोच पहिला.

पहाटपाणी

चेनरिंग, मुलाचं कौतुक आहेच. पण हंगाम हा शब्द वापरतोय ना आपण? मग एका सकाळीवर तो का तोलायचा?

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी हंगामातल्या पहिल्या शर्यतीत मी पाण्यातूनच बाहेर आले. सुरुवातीच्या गर्दीत कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली, तोंडात पाणी गेलं आणि छाती अशी आवळली की श्वास सोडायचाच विसरले. मदतीला असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबले. धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. दोनदा सोडून बघितली, दोन्हीदा परत धरली. आमच्या तक्त्यात माझ्या नावापुढे त्या दिवशी 'डीएनएफ' (शर्यत पूर्ण केली नाही) एवढंच आहे.

दुसऱ्या शर्यतीत पोहणं जमलं, तर ट्रान्झिशनमध्ये (एक प्रकार संपवून दुसऱ्यासाठी कपडे-बूट बदलायच्या जागी) खोळंबले. वेटसूट ओल्या पायाला चिकटलेला, वेळ नोंदवणाऱ्या चिपचा पट्टा घोट्यावर बाहीसारख्या गुंडाळलेल्या रबरात अडकलेला आणि मी एका पायावर उड्या मारतेय. टी-वन (पोहण्यानंतर सायकलवर बसेपर्यंतचा वेळ) ४ मिनिटं ५० सेकंद! मग महिनाभर रोज सरावानंतर सूट काढायचा सराव केला: पाण्यातून बाहेर येतानाच पाठीची चेन, चालताना कमरेपर्यंत, सायकलपाशी पोचल्यावर दोन्ही टाचांनी तुडवत खाली. हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही हेही त्याच सरावात अंगवळणी पडलं. शेवटच्या शर्यतीत टी-वन १:५५. एकूण वेळेत त्या वर्षी मी खालून पाचवी होते आणि तरी माझा तोच सगळ्यांत चांगला हंगाम.

जपानचे हिरोमू इनादा २०१५ मध्ये हवाईतल्या कोनाला, आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत, १७ तासांच्या मर्यादेला काही सेकंदांनी चुकले. पुढच्याच वर्षी त्यांनी ती शर्यत मर्यादेत पूर्ण केली आणि २०१८ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी परत केली. २०१५ चा रकाना रिकामा ठेवला तर २०१६ चं मोल कळणारच नाही. म्हणून नोंदवही, माझी एकच विनंती: डीएनएफ खोडू नका, पुढे कारण लिहा.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. रविवारभर हेच केलं.

तिसऱ्या आणि चौथ्या शर्यतीत समान असलेले ११ जण निघाले. अकराच्या अकरा तिसरीत अडीच ते चार मिनिटं आधी पाण्याबाहेर आले होते. म्हणजे बोया अलीकडे होता. मग टक्के काढले. मुलगा पहिल्या पाच पुरुषांच्या सरासरीच्या (२:०१:००) १४.६ टक्के मागे, ताई पहिल्या पाच बायकांच्या सरासरीच्या (२:२४:००) ११.९ टक्के मागे. चेनरिंगचं म्हणणंही मला पटतं, म्हणून जलद वेळेचा चषक मुलाचाच राहील. हंगामाचा चषक मात्र मी ताईंसाठी सुचवणार आहे. त्यांच्या पाचही शर्यती मांडल्या तर टक्के दर वेळी कमीच होत गेलेत.

डीएनएफ सात होते. सातही जणांना फोन लावतेय. आत्तापर्यंत चौघांनी कारण सांगितलं: दोघांचं पंक्चर, एकाच्या पोटरीत गोळे, एकीला पाण्यात पहाटपाणींसारखंच झालं होतं आणि तिने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काकांचं मात्र माझंच चुकलं होतं. डिसेंबरमध्ये ते ६० चे होतात, म्हणजे पूर्ण हंगाम ते ६० ते ६४ मध्ये धावले. अधिकृत निकाल उघडले तर चौथ्या शर्यतीत ते वयोगटात दुसरे आहेत! मी ५५ ते ५९ च्या यादीत बसवून त्यांना चौथं करून ठेवलं होतं. शर्यत संपली की काका सायकल उचलून लगेच निघतात, बक्षीस समारंभाला थांबत नाहीत, त्यामुळे त्यांनाही पत्ता नव्हता.

काल रात्री त्यांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "पहिला कितीने पुढे होता?"

म्हटलं, ४१ सेकंद.

"ट्रान्झिशनमध्ये गेले ते," म्हणाले. "मी बूट घालायला खाली बसलो होतो."