मदत हवी आहे: '~' नावाची डिरेक्टरी उडवायची आहे, घर न उडवता

सांजवेळ:

नमस्कार मंडळी. लिनक्स वापरायला लागून दोनेक वर्षं झाली, पण टर्मिनलशी माझं नातं शेजारच्या कुत्र्याशी असावं तसं आहे. ओळख आहे, भरवसा नाही. (कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

आजोबांची हरिनाम सप्ताहातली कीर्तनं जुन्या कॅसेटींवरून उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवली आहेत. फोल्डरांची नावं 'पहिल्या दिवसाची कीर्तनं', 'दुसऱ्या दिवसाची कीर्तनं' अशी, आणि शेवटचं नुसतं 'काला'. त्यांचा बॅकअप घ्यायला रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांडी आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. त्यातल्या दोन ओळी (एमकेडीर नवी डिरेक्टरी बनवतं):

डेस्ट="~/बॅकअप"
एमकेडीर -पी $डेस्ट/$नाव

आठवड्याने होममध्ये, म्हणजे माझ्या मुख्य डिरेक्टरीत, एलएस (आत काय आहे ते दाखवणारी कमांड) केलं तर तिथे '~' नावाची डिरेक्टरी! शेजारी 'दिवसाची' आणि 'कीर्तनं' अशा आणखी दोन रिकाम्या. '~'च्या आत बॅकअप आहे, पण त्यात 'काला' तेवढा नीट उतरलाय. बाकी 'पहिल्या', 'दुसऱ्या', 'तिसऱ्या'... सगळ्या रिकाम्या.

वैतागून आरएम -आर ~ (आरएम म्हणजे पुसणारी कमांड) लिहूनही झालं होतं. एंटर दाबण्याआधी काय वाटलं कोण जाणे, ओळ पुसली आणि डीयू -एसएच ~ करून आकार मोजून पाहिला. उत्तर आलं २१४ जीबी. माझी कीर्तनं सगळी मिळून ९ जीबीसुद्धा नाहीत. आपण काय पुसायला निघालो होतो ते कळलं आणि उठून पाणी प्यायलो.

तर ही काढायची कशी? ती अवतरणचिन्हं नावाचाच भाग आहेत का? आणि एक भुताटकी: आत 'दुसऱ्या' नावाच्या दोन डिरेक्टऱ्या आहेत. हार्डडिस्कवरही त्या नावाचे दोन फोल्डर आहेत, हे आत्ता लक्षात आलं. एकाच जागी एकाच नावाची दोन कशी राहतात?

उंबरठा:

पाणी प्यायलात ते बरं केलंत.

आरएमला तो ~ दिसतच नाही. शब्दाच्या सुरुवातीला उघडा ~ आला की शेल (टर्मिनलमधल्या कमांडी वाचणारा प्रोग्राम) त्या जागी तुमच्या होमचा पूर्ण पत्ता लिहितं आणि मग आरएमला बोलावतं. आरएम बिचारं सांगितलेलं काम करतं. त्याचं ते --प्रिझर्व्ह-रूटचं कवच फक्त / साठी, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीसाठी, आहे, तुमच्या होमला ते लागू नाही.

म्हणून ./~ असं लिहा. आता ~ शब्दाच्या सुरुवातीला नाही, त्यामुळे शेल त्याला हात लावत नाही. '~' किंवा \~ लिहूनही चालतं, पण घाईत अवतरण राहून गेलं की पुन्हा तोच खड्डा. मी तर आरएम लगेच वापरूच नका म्हणेन. आधी बारसं करा, म्हणजे एमव्हीने नाव बदला:

एमव्ही ./~ चुकून_झालेली

नाव बदललं की दात काढलेल्या सापासारखं. मग सावकाश आत बघा, 'काला' बाहेर घ्या, रिकाम्या असतील त्या आरएमडीरने काढा. आरएमडीर भरलेली डिरेक्टरी काढतच नाही, हाच त्याचा मोठा गुण.

अवतरणचिन्हं नावात नाहीत, ती एलएसने घातलीत. कोअरयुटिल्स (एलएस, आरएम वगैरे कमांडींचा संच) ८.२५ पासून, म्हणजे २०१६ पासून, टर्मिनलवर अडचणीची नावं तो अशी दाखवतो.

आता स्क्रिप्ट. तुम्ही अवतरण नको तिथे दिलंत आणि हवं तिथे दिलं नाहीत. दुहेरी अवतरणात ~ उलगडत नाही, $होम मात्र उलगडतं. म्हणून डेस्ट="$होम/बॅकअप". पुढच्या ओळीत $डेस्ट उघडं असूनही ~ तसाच राहिला, कारण ~ उलगडायची पाळी व्हेरिएबलच्या आधी येते. व्हेरिएबलमधून ~ बाहेर पडेपर्यंत ती पाळी संपलेली असते. आणि $नाव उघडं ठेवल्याने मधल्या मोकळ्या जागांवर त्याचे तीन तुकडे झाले. पहिला '~/बॅकअप'मध्ये गेला, उरलेले दोन क्रॉन जिथून चालतो तिथे, म्हणजे होममध्ये, पडले. 'काला' एका शब्दाचा म्हणून वाचला. "$डेस्ट/$नाव" असं पूर्ण अवतरणात टाका. सीपीच्या, म्हणजे कॉपी करायच्या, ओळीतही तेच करा, ती न दाखवताच सांगतो!

कोरडा_पाऊस:

उंबरठा यांनी सगळं सांगितलंच आहे. मी अशा वेळी -- वापरतो, म्हणजे आरएम -- आणि पुढे नाव. -जुने वगैरे नावं ऑप्शन समजली जात नाहीत.

जाता जाता: एडीएम-३ए नावाच्या जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डवर ~ आणि होम एकाच बटणावर होते, म्हणून होमसाठी ~ आलं म्हणतात.

उंबरठा:

@कोरडा_पाऊस, -- चा इथे उपयोग नाही. ~ शेलच उलगडतं, कमांडपर्यंत गोष्ट जातच नाही. आरएम -आर -- ~ केलंत तरी होम जाणारच! शिवाय नुसत्या - नावाची डिरेक्टरी असेल तर सीडी -- - तुम्हाला मागच्या डिरेक्टरीत नेऊन सोडतं. सीडी ./- मात्र बरोबर आत नेतं. म्हणून माझं मत ./ लाच.

कोरडा_पाऊस:

मान्य. आरएम -आर -- ~ हे मी आयुष्यात केलेलं नाही हे नशीबच.

तांब्याभांडं:

भुताटकीचं मी बघतो. सांजवेळ, त्या बॅकअपच्या डिरेक्टरीत जाऊन हे करा आणि काय येतं ते इथे टाका:

एलसी_ऑल=सी एलएस -बी

सांजवेळ:

नुसते आकडे आले. दोन ओळी जवळजवळ सारख्या आहेत. एकीत मध्ये \३४०\२४४\२६१ आहे. दुसरीत त्या जागी \३४०\२४४\२६० आहे आणि थोडं पुढे \३४२\२००\२१५ जास्तीचं.

तांब्याभांडं:

वाटलंच होतं. ते आकडे म्हणजे नावाचे बाइट. पहिल्या नावात ऱ हे एकच अक्षर आहे, त्याला हलन्त आणि य. दुसऱ्या नावात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. डोळ्याला दोन्ही सारखीच. कुणीतरी जुन्या कीबोर्डने टाइप केलंय, कुणीतरी नव्या.

कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मराठी कळत नाही, त्याला बाइट कळतात. नावात / आणि शून्य बाइट नसला की त्याला बाकी काहीही चालतं, ext4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर २५५ बाइटांपर्यंत. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. लांबलचक नावं देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा.

हार्डडिस्कवरचे दोन फोल्डर टाइप करून वेगळे धरता येणार नाहीत. एलएस -आय केलं की प्रत्येकापुढे आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरचा त्याचा ओळखक्रमांक, येईल. ज्याचं नाव बदलायचं त्याचा क्रमांक घेऊन:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम क्रमांक -एक्झेक एमव्ही {} दुसरा_जुना \;

आणि एकही पुसू नका. आधी डिफ -आर ने दोन्हीत फरक काय ते बघा.

सांजवेळ:

झालं! '~'चं बारसं केलं, 'काला' जागेवर ठेवला, रिकाम्या सगळ्या आरएमडीरने गेल्या. डीयूने होम मोजलं, घरदार शाबूत आहे. स्क्रिप्टमध्ये अवतरणं घातली, काल रात्री सगळे दिवस आपापल्या नावाने उतरले.

दुसऱ्या दिवसाचं कोडंही सुटलं. एक फोल्डर मी केलेला, दुसरा काकांनी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. माझ्यात ११ फायली, काकांच्यात १४. त्या तीन मी कधी ऐकल्याच नव्हत्या. एकीत कीर्तन संपल्यावरही कॅसेट चालूच राहिली आहे, आणि आजोबा पेटीवाल्याला झापतायत की माझा आवाज बसलाय हे दिसत होतं ना, मग सूर खाली का नाही घेतलास.